चित्रामागची ओळ

चन्नवीर सरांनी आपल्या बायकोसाठी लिहून ठेवलेले शब्द मी पुसले. सर गेल्यानंतर पुसले आणि त्या जागी चादरी-टॉवेलची जाहिरात भरली. त्यांनी, म्हणजे आमच्या काकूंनी, फोन करून विचारलं तेव्हा त्यांना खोटं सांगितलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं सरांविषयी वाचताना, त्यांचा विद्यार्थी म्हणून माझ्याबद्दलही कुणाला बरं वाटायला नको.

सर आम्हाला शाळेत चित्रकला शिकवायचे. अंगानं किरकोळ, पांढरा शर्ट, दोन्ही बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्यातली एक बाही तास संपेपर्यंत सुटून मनगटावर आलेली असायची. चष्मा कायम कपाळावर. तो खाली डोळ्यांवर आला, की समजायचं, सर आता खरोखर बघणार आहेत. चांगलं, वाईट असं ते कधी म्हणत नसत. मुलाच्या वहीत स्वतः पेन्सिल चालवत नसत. चित्रावर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "हितं तू बघितलं नाहीस. आधी बघ की रे."

एकदा मी कावळा काढला होता. सर बराच वेळ माझ्या बाकाशी उभे राहिले.

"दत्ता, हा कावळा हाय का किटली?"

"कावळा, सर."

"मग चोचीतनं चहा येईल असं का वाटतंय मला? जा, व्हरांड्यात जाऊन कावळा बघून ये."

मी गेलो आणि लगेच परत आलो. म्हटलं, कावळा नाही बाहेर.

"मग काय होतं?"

"काही नव्हतं."

"काही नव्हतं असं कुठं असतंय होय? परत जा."

वर्ग हसत होता. मी परत गेलो आणि रडवेला होऊन कठड्याशी उभा राहिलो. मग हळूहळू दिसायला लागलं. चिंचेच्या झाडाखाली नळ गळत होता आणि तेवढीच माती काळी झाली होती. शिपाईमामा सायकलची साखळी बसवत होते आणि काळे झालेले हात कुठं पुसावेत म्हणून इकडंतिकडं बघत होते. हे आत येऊन सांगितलं तेव्हा सरांनी फक्त मान हलवली. "हां. आता बस."

पुढं मी वेबसाइट बनवायचा धंदा सुरू केला. सोलापुरात नव्या पेठेत कापडाच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर माझं ऑफिस आहे. डिझाइनचं काम इमरान बघतो. आमची गिऱ्हाइकं म्हणजे चादर-टॉवेलवाले, दवाखाने, क्लासेस. सर निवृत्त होऊन काही वर्षं झाली असतील, तेव्हा एका सकाळी ते जिने चढून धापा टाकत आले. गळ्यात कॅमेरा होता. खिशातून चष्म्याचं घर काढलं, त्यात रुमालात गुंडाळलेलं मेमरी कार्ड होतं.

"मला एक पान पाहिजे. फोटो लावायला."

निवृत्तीनंतर सर मोपेडवरून जिल्हाभर फिरत होते, हे मला तेव्हा कळलं. कधी अकलूजकडं, कधी मोडनिंबच्या बाजाराला, कधी रेल्वेनं केमला. संध्याकाळी घरी. मी म्हटलं, सर, फोटो द्या, आम्ही लावून टाकतो. ते ऐकेनात. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "फोटो पानात बसतो कसा, ते दाखव."

मी दाखवलं. तोवर हे कुणाला इतकं सावकाश समजावून सांगायची वेळ माझ्यावर आली नव्हती.

"फोटो पानात नसतोच सर. तो दुसरीकडं ठेवलेला असतो. पानात फक्त लिहायचं, की अमुक ठिकाणचा फोटो आणून इथं दाखव. बघणाऱ्याचा मोबाइल तो आणतो आणि त्या जागेवर मांडतो."

"आणि नाही सापडला तर?"

"तर रिकामी चौकट दिसते. म्हणून तिथंच एक ओळ लिहायची सोय असते, फोटोत काय आहे ते सांगणारी. एरवी ती कुणाला दिसत नाही, चित्राच्या मागंच राहते. चित्र आलं नाही तरच दिसते. आणि ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांनी फोटोवर बोट ठेवलं की त्यांचा फोन ती ओळ वाचून दाखवतो."

सरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"परत सांग."

मी परत सांगितलं. मग त्यांनी पाणी मागितलं.

काकूंची दृष्टी साखरेच्या दुखण्यानं गेली, हे मी कुणाकडून तरी ऐकलं होतं. त्याआधी सरांची चित्रं पहिल्यांदा बघायच्या त्या काकूच. आभाळ फार झालंय, बैलाचा पाय मोडलाय, असं स्वयंपाकघरातूनच सांगायच्या, आणि सर मुकाट्यानं दुरुस्त करायचे. दोघांचं घरात बोलणं कन्नडमध्ये, पण ते बहुतेक काकूंचंच. सरांना घरात मोकळं बोलायला जमत नसे.

"घरी गेलो की ती विचारते, इवत्तु एन नोडिद्री, आज काय बघितलंत," सर म्हणाले. "मी म्हणतो, शेतं बघितली. संपलं. जन्मभर पोरांना बघा बघा म्हणत आलो दत्ता, आणि तिला सांगायची वेळ आली तर तोंडातनं काय येत नाही. मराठीत लिहिता येईल बघ मला. लिहू का त्या ओळीत?"

"लिहा की सर. एखादी ओळ असते ती."

"एकच?"

"तसं काही बंधन नाही."

मग सर आठवड्यातून एकदोनदा यायला लागले. पानाचं नाव त्यांनी 'काय दिसलं' ठेवलं. इमरान फोटो चढवायचा आणि सर मागची ओळ लिहायचे, एकेका ओळीला अर्धी सकाळ घालवायचे. त्यातल्या एकदोन माझ्या लक्षात राहिल्या आहेत. 'केमचं स्टेशन. गाडी आत्ताच गेली. बाकावर एक बाई, मांडीवर पिशवी, पिशवीतून कोंबडीचं डोकं बाहेर. बाई आणि कोंबडी, दोघी एकाच बाजूला बघतायत.' आणि दुसरी, 'अकलूजच्या अलीकडं ऊस. वाऱ्यानं सगळा एका अंगाला झुकलाय. गच्चीवर कपडे काढताना तू झुकतेस तसा.'

ओळ झाली की सर कानात वायर घालायचे, डोळे मिटायचे आणि फोन ती कशी वाचतो ते ऐकायचे. फोनमधली बाई भरभर वाचत सुटायची. ती जिथं थांबायला हवी तिथं सर एक बोट वर करायचे, मग डोळे उघडून तिथं टिंब द्यायचे. परत डोळे मिटून ऐकायचे. एकदा मी न राहवून म्हटलं, "सर, हे तू वगैरे नको. पान सगळ्या जगासाठी उघडं असतं."

"जगाला दिसतंय की. दिसू दे," सर म्हणाले. "ऐकणारी एकच हाय."

सरांचा राग मी एकदाच बघितला. केमच्या त्या फोटोची जागा आडवी होती आणि फोटो उभा. इमराननं तो दोन्ही बाजूंनी ओढून चौकटीत बसवला. सरांनी बघितलं.

"ही बाई एवढी जाड नव्हती."

"सर, बॉक्समें बैठ नै रा था. जरा खींच दिया, बस."

"बस काय? तुझा फोटो असा ताणून तुझ्या सासऱ्याला दाखवू का? माफी माग."

"सॉरी सर."

"माझी नाही. तिची."

इमरान माझ्याकडं बघायला लागला. मी हसू दाबून मान खाली घातली. सर हलायला तयार नव्हते. शेवटी इमराननं खुर्ची सरळ केली आणि स्क्रीनकडं बघून म्हणाला, "माफ करना, खाला." मग चौकट बदलून बाईला तिच्या अंगाची केली. त्यानंतर त्यानं कुणाचाच फोटो ताणला नाही, गिऱ्हाइकानं सांगितलं तरी नाही.

पानाच्या शेवटी सरांचा स्वतःचा एक फोटो आहे. तो इमराननं नकळत काढला होता आणि सरांच्या हातापाया पडून लावला. मागची ओळ लिहायची वेळ आली तेव्हा सरांनी विचारलं, "काहीच लिहिलं नाही तर?"

मी सांगितलं, की ओळच नसली तर फोन फाइलचं नाव वाचत बसतो, अक्षरं आणि आकडे. पण ओळ ठेवून ती कोरी सोडली, तर फोन समजतो की हे चित्र नुसतं शोभेचं आहे आणि न बोलता पुढं जातो.

"मग कोरी ठेव. शोभेचंच हाय ते," सर म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं हसले.

शेवटचे फोटो त्यांनी सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत, उंच नंदीध्वजांच्या मिरवणुकीत काढले. एकामागची ओळ होती, 'नंदीध्वज चाललेत. बापाच्या खांद्यावर एक पोरगी. सगळे वर बघतायत, तिचं लक्ष सुटलेल्या फुग्याकडं.' जत्रेनंतर थोड्याच दिवसांत सर झोपेत गेले. मी खांदा द्यायला होतो.

आता माझं.

चादरी-टॉवेलचा व्यापार करणारं एक मोठं गिऱ्हाईक माझ्यावर चिडलं होतं. गुगलवर शोधलं की त्याचं नाव वर येत नव्हतं. सरांचं पान जुनं आणि स्वच्छ होतं, बरेच लोक ते बघायचे, आणि गुगल अशा पानांचं ऐकतं. चित्रामागची ओळ गुगलही वाचतं. माझ्या डोक्यात आलं, की त्या सगळ्या ओळींत गिऱ्हाइकाचे शब्द भरले तर पानावर काहीच बदललेलं दिसणार नाही. इमरानला सांगितलं. तो उठून उभा राहिला.

"नक्को भाई. वो सर के हाथ का लिखा है. मैं नै करता."

"सर आता नाहीत," मी म्हणालो, आणि स्वतःच केलं. कॉम्प्युटरला एक हुकूम दिला, सगळ्या ओळी एका दमात बदलल्या. फोटो होते तसेच राहिले. केमची बाई, अकलूजचा ऊस, जत्रेतली पोरगी. दिसणाऱ्याला काही फरक दिसला नसता. काकू जुनंच परत परत कशाला ऐकत बसतील, असं मी स्वतःला सांगितलं होतं. खरं तर त्यांना विचारावं लागू नये म्हणून सांगितलं होतं.

त्यांचा फोन आला.

"दत्ता, सरांच्या घरनं बोलते. माझा फोन बिघडलाय बघ. केमच्या फोटोवर बोट ठेवलं तर चादर म्हणतोय."

"चादर?"

"सोलापुरी चादर, होलसेल टॉवेल, योग्य दर. सगळ्या फोटोंना तेच. पहिल्यांदा मला वाटलं मधे जाहिरात लागली."

"अपडेट आलं असेल काकू. बंद करून चालू करा."

"केला की. शेजारच्या पोरीकडनं पण करून घेतला."

"बघतो मी."

मी जुनी प्रत शोधली. आमच्याकडं प्रत आपोआप निघते आणि नवी आली की जुनी जाते. गेली होती. सरांचं लिहिलेलं कुठंच उरलं नव्हतं. त्या वेळी मी खरा घाबरलो, आणि घाबरल्यावर माणूस जे करतो ते केलं. काकूंचा पुन्हा फोन आला, भाच्यानं नवा मोबाइल घेऊन दिला तरी तेच ऐकू येतंय म्हणाल्या. मी सांगितलं, "कंपनीनंच काहीतरी बदललंय, काकू. आपल्या हातात नाही." त्या म्हणाल्या, "बरं." त्या 'बरं'नंतर त्यांनी लगेच फोन ठेवला नाही. मी ठेवला.

इमरान त्या दिवसांत माझ्याशी कामापुरतंच बोलायचा.

मग एका दुपारी काकूंनी परत फोन केला. या वेळी तक्रार नव्हती.

"एक विचारायचं होतं. जत्रेच्या फोटोनंतर आधी फोन गप्प व्हायचा. पान संपायचं. आता त्याच्यापुढं अजून एकदा चादर म्हणतो. तिथं काय आहे रे?"

मला लगेच कळलं. सगळ्या ओळी भरताना सरांनी कोरी ठेवलेली ओळही मी भरली होती.

"येतो मी, काकू," एवढंच म्हणालो. लॅपटॉप घेतला. इमराननं कुठं म्हणून विचारलं नाही, चार्जर काढून माझ्या पिशवीत टाकला.

जुळे सोलापुरात वरच्या मजल्यावर सरांचं छोटं घर आहे. काकू खिडकीपाशी दिवाणावर बसल्या होत्या, मांडीवर घडी घातलेला टॉवेल, त्यावर मोबाइल. वाटेत मी सगळं ठरवून ठेवलं होतं, की दारातच सांगायचं. मी दारातून हाक मारताच त्यांनी आवाजावरून ओळखलं, "ये, दत्ता. किती वाळलास, जिन्यावर पाय वाजत पण नाहीत," म्हणाल्या, आणि माझ्या तोंडून निघालं, "दुरुस्त करायला आलोय, काकू. पण सरांच्या ओळी परत भराव्या लागतील. त्या गेल्यात."

"गेल्या कुठं? मला पाठ आहेत."

त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि मी टाइप करत गेलो. सरांच्या चालीत नाही, त्या फोनमधल्या बाईच्या चालीत त्या सांगत होत्या, एका सुरात, टिंबापाशी थांबत. "केमचं स्टेशन. टिंब दे तिथं. ते द्यायचे, म्हणजे ती बाई दम खाते." उसाच्या ओळीला त्यांनी मान दुसरीकडं वळवली, पण ओळ पुरी सांगितली. मधे चहा केला, हातानं चाचपत, मला उठू दिलं नाही.

काही ओळी मात्र आल्या नाहीत. मोडनिंबच्या बाजाराचा एक फोटो होता. काकूंनी दोनदा सुरुवात केली आणि थांबल्या.

"हा मला येत नाही," त्या म्हणाल्या. "बोरं होती त्यात. बोरांविषयी काहीतरी लिहिलं होतं त्यांनी. मी हसायचे तिथं." त्यांनी हात मोबाइलवरून उचलून घेतला. "गेला हा."

मी म्हटलं, मी सांगू का काय दिसतंय ते. त्या म्हणाल्या, सांग. मी म्हणालो, बाजार आहे, एक म्हातारी बोरं विकतेय.

"आणि?"

"आणि काही नाही."

"दत्ता, तुला सरांनी वर्गाबाहेर दोनदा पाठवलं होतं म्हणे."

मी परत बघितलं. म्हातारीच्या तोंडातही एक बोर होतं, गाल फुगलेला होता, आणि गिऱ्हाइकाला भाव सांगता येत नाही म्हणून ती बोटं दाखवत होती. ते मी सांगितलं. काकू हसल्या. "हेच असेल," म्हणाल्या. पण ते सरांचं नव्हतं, हे आम्हा दोघांना माहीत होतं.

शेवटी जत्रेचा फोटो झाला.

"आता सांग, त्याच्यापुढं काय आहे?"

"सर आहेत, काकू."

"कुठले सर?"

"आपले."

"त्यांचा फोटो नाही त्यात. असता तर मला सांगितलं असतं."

"ओळ कोरी ठेवली होती त्यांनी. शोभेचं आहे म्हणाले होते."

काकूंनी पाय दिवाणावर नीट घेतले, जसं कुणी लांबलचक गोष्ट ऐकायला बसतं. "कसे आहेत? बघून सांग."

मी बघितलं. तो फोटो लावून वर्षं झाली होती आणि मी तो कधी नीट बघितलाच नव्हता.

"माझ्या ऑफिसात आहेत. टेबलाशी बसलेत. डावी बाही दुमडलेली, उजवी सुटून मनगटावर आलीय. चष्मा डोळ्यांवर आहे आणि चष्म्यामागं डोळे मिटलेत. कानात वायर आहे. तुमच्या फोनमधली बाई कशी वाचते ते आधी स्वतः ऐकून बघायचे ना, ते चाललंय. एक बोट वर केलंय. तिथं टिंब द्यायचं असणार." मी स्क्रीनजवळ वाकलो. "थोडे हसतायत."

"कशाला?"

"तुम्ही हसाल म्हणून असेल."

मी विचारलं, "काय लिहू इथं?"

"काही नको. त्यांनी कोरी ठेवली तशी कोरीच ठेव. जत्रा झाली, फुगा सुटला, आणि फोन गप्प झाला, की मला कळेल आता कोण आहे ते." मग त्यांनी हात पुढं करून माझा हात शोधला. "कंपनीनं घालवलेलं तू आणलंस बाबा. कोण करतं एवढं."

त्यानंतर मला गप्प राहता आलं नाही. "काकू, कंपनीनं नाही. तुमचा फोनही बिघडला नव्हता. मी पुसलं. एका टॉवेलवाल्यासाठी. तुम्ही विचारलं तेव्हा खोटं बोललो. चुकलो मी, काकू. मला माफ करा."

त्यांनी हात काढून घेतला.

"मोडनिंबचा पण तूच घालवलास," त्या म्हणाल्या.

"हो."

"तुझ्या ऑफिसातल्या त्या इमरानला ह्यांनी एकदा माफी मागायला लावली होती. केमच्या बाईची. घरी येऊन सांगताना हसत होते." काकू हसत नव्हत्या. "समोर आहेत का अजून ते? बंद नाही ना केलंस?"

"आहेत."

"मग त्यांची माग."

मी लॅपटॉप सरळ केला. सर डोळे मिटून, एक बोट वर करून बसले होते. मी पुटपुटलो.

"मोठ्यानं," काकू म्हणाल्या. "मला ऐकू आलं पाहिजे."

"सर," मी मोठ्यानं म्हणालो, "तुमचं लिहिलेलं मी पुसलं. चुकलं माझं."